हिरव्या केळ्याची भागीदारी

लग्न मोडून माहेरी आलेल्या पोरीला अर्धापुरात कुणी तोंडावर काही बोलत नाही. फक्त विचारतात, "मग, आता काय करून राहिली?" पुनम इंगोलेला हे पिठाच्या गिरणीवर विचारलं गेलं, बसस्टँडवर विचारलं गेलं, आणि चुलत भावाच्या हळदीत तर एका बाईने तिला कुंकू लावता लावता बोट मध्येच थांबवून विचारलं.

तिचं सासर रेणापूरचं. नवऱ्याचं पुण्यात दुसरं घर होतं आणि त्या घरात लग्नाच्या आधीपासून एक बाई होती. सासरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. पुनमला कळायला दोन वर्षं लागली. कळल्यावर ती भांडली नाही, वडिलांना फोन केला. शेषेराव दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप घेऊन दारात हजर झाले, व्याह्याच्या घरचं पाणीसुद्धा न घेता त्यांनी पोरीची पेटी उचलली. अहमदपूरला चहाला थांबले तेव्हा एवढंच म्हणाले, "बागेला पाणी द्यायचं राह्यलंय."

घरी खायला-प्यायला कमी नव्हतं. शेषेरावांची केळीची बाग गावात नाव घेण्यासारखी होती. पण बसून खाणाऱ्या लेकीला घरातला पंखासुद्धा मोठ्याने वाजल्यासारखा वाटतो. केळीचे व्यापारी माल घ्यायला आले की चांगल्या भरलेल्या फण्या उचलायचे आणि बारक्या, वाकड्या, डागाळलेल्या बाजूला टाकायचे. पुनमने त्या टाकलेल्या कच्च्या केळ्यांचे वेफर्स करायला सुरुवात केली. आई, केवळाबाई, तळायला बसायची. पुनम पिशव्या भरून नांदेडला न्यायची आणि दुकानादुकानांत ठेवायची.

आयटीआय कॉर्नरला तिची आणि आनंदराज हनमंतेची गाठ पडली ती अशीच. तो वडापावची गाडी लावायचा. पुण्यात एका मोठ्या बर्गरच्या दुकानात त्याने आठ वर्षं काम केलं होतं. वडिलांना लकवा झाला म्हणून परत आला आणि इथेच राहिला. गाडीवर उभा असतानाही डोक्याला टोपी, हातात मोजे आणि गळ्यात टायमर. शेजारचे भजीवाले त्याला "डॉक्टर" म्हणून हसायचे.

पुनम रिक्षाची वाट पाहत होती, भूक लागली म्हणून तिने एक वडापाव घेतला. दोन घास खाऊन म्हणाली, "तुमचा बटाटा गोड लागून राहिला."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, खायचा तर खा. आनंदराजने एक वडा फोडला, चव घेतली आणि उरलेलं सगळं सारण बाजूला ठेवून दिलं. "नवा बटाटा हाय. माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं." मग तिच्या पिशवीकडे बघून त्याने विचारलं, "कच्चं केळं उकडून कधी पाह्यलं का, ताई?"

तिने पाहिलं नव्हतं. पुढच्या खेपेला ती दोन फण्या घेऊन आली.

केळ्याचं सारण सोपं निघालं नाही. सोलून उकडलं तर काळं पडायचं, जास्त उकडलं तर चिकट व्हायचं, आणि तळताना तेलात फुटायचं. तो गाडी आवरल्यावर करून बघायचा, ती घरी करून बघायची, आणि भेटले की दोघं एकमेकांचं चाखून नाकं मुरडायची. शेवटी सालासकट उकडून, गार झाल्यावर किसून, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तीळ घालून केलेली टिक्की ज्वारीच्या भरड्यात घोळून तळली. वरून कुरकुरीत झाली आणि आत लोण्यासारखी राहिली. पावाला शेंगदाण्याची चटणी लावून त्याने ती टिक्की आत ठेवली आणि पहिला घास तिला दिला. ती खात राहिली. आनंदराजने टायमर बंद केला.

भाग्यनगरमध्ये, शिकवणीच्या वर्गांच्या गल्लीत, त्यांनी एक गाळा घेतला. नाव ठेवलं 'हिरवं केळं'. पुनम गल्ल्यावर बसायची, आनंदराज आत. तिला ते उलटं वाटायचं, कारण तो बोलका होता आणि तिला गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलायचे म्हणजे घाम फुटायचा. पण तो म्हणायचा, "मी मागंच बरा, ताई. तुम्ही पुढं असल्या की लोक नीट बोलतात." असं का, हे तिने विचारलं नाही. आनंदराज बौद्ध होता आणि ती मराठ्यांची. नांदेडसारख्या गावात हे दोन माणसांना एकमेकांना सांगावं लागत नाही.

लोकांना वेगळीच काळजी होती. नवऱ्याने टाकलेली बाई परक्या पुरुषासोबत दुकान चालवते म्हणजे काय? केवळाबाईने त्यावर तोड काढली. राखीच्या दिवशी ताट घेऊन ती थेट दुकानात आली. "पुनम, बांध भावाला राखी. लोकांची तोंडं तरी बंद होतील."

आनंदराजने हात पुसले आणि केवळाबाईसमोर खाली बसला. "मावशी, मला एक बहीण हाय, किनवटला. दुसरी झाली तरी जड न्हाई. पण ही राखी तुम्ही माझ्यासाठी बांधून राहिल्या का लोकांसाठी?"

केवळाबाईने ताटातला पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि राखी पदरात बांधून परत नेली. पुनमने त्याला 'भाऊ' म्हणायचं चालू ठेवलं आणि तो तिला 'ताई' म्हणत राहिला. त्यांच्यातल्या नात्याला नीट बसेल असा शब्द त्यांच्याजवळ होता, 'भागीदार'. पण तो कागदावरच राहिला. जिभेवर कधी आला नाही.

शेषेराव दुकानात यायचे. बागेतला माल उतरवून घ्यायचे, बाहेर खुर्चीवर बसायचे. खायला दिलं की म्हणायचे, "तळलेलं झेपत न्हाई आता." घरी मात्र भजी, पुऱ्या सगळं झेपत होतं. आनंदराज दर वेळी तितक्याच आग्रहाने प्लेट पुढे करायचा आणि ते तितक्याच सहजपणे परत करायचे. हा खेळ कितीतरी वर्षं चालला. पुनम तेव्हा गल्ल्यात काहीतरी शोधत असायची.

धंदा मात्र वाढला. नांदेडमध्ये दोन दुकानं झाली, मग परभणीला एक, मग उदगीरला. खरी उडी लातूरला घेतली. तिथे महाराष्ट्रभरातून पोरं डॉक्टर व्हायला शिकवणीला येतात, मेसच्या डब्याला कंटाळतात आणि संध्याकाळी झुंडीने रस्त्यावर येतात. आनंदराज अर्धा आठवडा लातुरात राहू लागला. प्रत्येक दुकानाच्या स्वयंपाकघरात त्याचा एक नियम असायचा: तेल दोनदा तापलं की बाहेर. आणि मसाल्याच्या फळीवर बाबासाहेबांचा एक लहानसा फोटो असायचा, तो त्याने स्वतः लावलेला.

औसा रोडवरची जागा बघायला दोघं गेले ते साल कोरोना सरल्यानंतरचं. चौकाला लागून मोठा गाळा, समोर तीन वसतिगृहं. जागेचे मालक भीमाशंकरअप्पा, वरच्या मजल्यावर राहायचे. म्हातारा माणूस, बोलायला गोड. त्यांनी पुनमला चहा दिला, कुठली, कुणाची, सगळं विचारून घेतलं. आनंदराज टेप घेऊन काउंटरची जागा मोजत होता.

"जागा द्यायला माझी ना न्हाई," अप्पा म्हणाले. "तू शेषेरावाची लेक, घराणं माहितीतलं हाय. पण पोरी, आत सैपाकाला कोण असतंय? वर आमचं देवघर हाय म्हणून इचारून राहिलो."

प्रश्न काय होता ते पुनमला कळलं. आनंदराजलाही कळलं, टेप ओढायचा त्याचा हात थांबला. तिच्याकडे उत्तर द्यायला एक क्षण होता आणि समोर लातुरातला सगळ्यात चांगला गाळा होता.

"काळजी करू नका, अप्पा," ती म्हणाली. "आपलाच माणूस हाय."

अप्पांनी आनंदराजकडे पाहून मान हलवली. "मग प्रश्नच मिटला."

परतीच्या बसमध्ये आनंदराज खिडकीशी बसला. मग म्हणाला, "आज मी तुमचा झालो, ताई." आणि हसला. तो हसला म्हणून तीही हसली. पुढे अहमदपूर गेल्यावर फ्रायर कोणता घ्यायचा याचं बोलणं निघालं.

औसा रोडचं दुकान सगळ्यांत जोरात चाललं. तिथल्या मसाल्याच्या फळीवर फोटो नाही, हे पुनमच्या लक्षात दुकान सुरू झाल्यावर काही दिवसांनी आलं. विचारावं असं वाटलं. तेवढ्यात पावाची गाडी आली, मग गर्दी झाली. त्या दिवशी राहून गेलं ते राहूनच गेलं.

डॉक्टरकीच्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी दुकान पोरांनी फुलून गेलं होतं. कुणी नाचत होतं, कुणी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून फोनवर घरच्यांशी बोलत होतं. पुनम त्या दिवशी लातुरातच होती. आतून आनंदराजचा आवाज आला, "ताई, जरा तेलाकडं बघा." ती आत गेली तेव्हा तो केळ्यांच्या क्रेटवर बसला होता. कपाळावर घाम होता. पण फ्रायरजवळ घाम कुणाला नसतो? त्याने डावा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे.

तिने फ्रायर बंद केला, त्याला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर कशासाठी थांबले नाहीत, त्याला लगेच आत नेलं. मग खिडकीतल्या मुलीने नाव-गाव लिहून घ्यायला सुरुवात केली.

"पेशंटच्या तुम्ही कोण?"

"बहीण."

"तुमचं नाव?"

"पुनम इंगोले."

मुलीने लिहिलेलं वर-खाली पाहिलं. "पेशंट हनमंते आहेत. सख्खी बहीण का?"

"न्हाई."

"मग?"

पुनमच्या तोंडात शब्द आला होता. मागे रांगेत माणसं उभी होती. "आम्ही बरोबर काम करतो," ती म्हणाली.

"मग घरच्यांना बोलवून घ्या, मॅडम."

घरची म्हणजे बुद्धप्रिया. आनंदराजची बायको, मुदखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. पुनमने फोन केला तेव्हा तिचा तास चालू होता. मागे पोरांचा पाढे म्हणण्याचा आवाज ऐकू येत होता. बुद्धप्रियाने काही विचारलं नाही. "निघाले," एवढंच म्हणाली.

ती वाटेत असतानाच डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आनंदराज गेल्याचं सांगितलं. तो एक्केचाळीस वर्षांचा होता. थोड्या वेळाने बुद्धप्रियाचा फोन आला. लोह्याच्या पुढे आलेय, कसे आहेत?

"इलाज चालू हाय, वहिनी," पुनम म्हणाली. गाडीत एकटी असलेल्या बाईला रस्त्यावर कसं सांगायचं, हाच विचार तिने केला. पण बुद्धप्रिया पोचली तेव्हा पुनम दवाखान्याच्या मागच्या बाजूला कागदांसाठी धावत होती, आणि वॉर्डबाहेरच्या माणसाने बुद्धप्रियाला सरळ विचारलं, "बॉडी न्यायला आलात का?" पुनम येऊन पाहते तर बुद्धप्रिया भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्याकडे अशा नजरेने पाहत होती की पुनमला जवळ जाता आलं नाही.

आनंदराजच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पुनम आणि केवळाबाई नांदेडला हनमंतेंच्या घरी गेल्या. शेषेराव आले नाहीत. बागेत मजूर लावलेत म्हणाले. भंतेजींनी वंदना घेतली, माणसं पांढऱ्या कपड्यांत शांत बसली होती. बायकांच्या रांगेत कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "हीच ती." पुनमची मान खाली गेली. ती धरूनच चालली होती की बुद्धप्रियाच्या मनातही तेच असणार. कुणाच्या मनात नव्हतं? जेवणाच्या वेळी केवळाबाई पंगतीत बसली, सगळं जेवली, आणि बुद्धप्रियाच्या पाठीवर हात फिरवून रडली. पुनमला घास गिळवला नाही.

त्यानंतर दुकानं चालत राहिली, पण टिक्की बिघडली. भरडा तोच, केळं तेच. पोरं अर्धी खाऊन उठायची. पुनम आत उभी राहून स्वतः तळायची आणि चव घेऊन बघायची. काय कमी पडतंय ते तिला सापडत नव्हतं. एकदा तर तिने सवयीने आत हाक मारली, "भाऊ, बघा हो जरा." काम करणाऱ्या पोरी तिच्याकडे बघत राहिल्या.

पावसाळा सरता सरता बुद्धप्रिया भाग्यनगरच्या दुकानात आली. शाळेतून थेट आली होती, हाताला खडूची भुकटी होती. आनंदराजचा निम्मा हिस्सा आता तिच्या नावावर आला होता. पुनमला वाटलं, हिस्सा विकून मोकळं व्हायला आली असणार. तिने मनाशी ठरवूनही टाकलं की जे म्हणेल त्याला हो म्हणायचं.

"वहिनी, चहा घेता?"

"नको. बसा तुम्ही."

बुद्धप्रियाने हाताची भुकटी झटकली. मग म्हणाली, "मला लोक विचारायचे, तुमच्या नवऱ्याचं त्या बाईशी काय आहे? शाळेतल्या बायकासुद्धा विचारायच्या. तुम्हाला वाटत असेल मलाही तसंच वाटायचं."

पुनमने टेबलावरचे पावाचे कण हाताने गोळा केले.

"मला तसं एक दिवसही वाटलं नाही. हे तसले नव्हते, आणि तुम्हीही नाहीत. तसं काही असतं ना, पुनमताई, तर मला निदान कुणाला तरी सांगून रडता आलं असतं."

"मग काय वाटलं, वहिनी?"

"महिला दिनाला लातूरला तुमचा सत्कार झाला. आम्ही दोघं आलो होतो, समोरच बसलो होतो. तुम्ही स्टेजवरून आई-वडिलांचे आभार मानले. देवाचे मानले. आणि म्हणालात, माझ्या सगळ्या स्टाफचे आभार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीसुद्धा वाजवल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. अख्ख्या सभागृहात ह्यांचाच हात सगळ्यात जोरात वाजत होता."

पुनमला तो दिवस आठवत होता. नवी साडी आठवत होती, माइकची भीती आठवत होती. तो शब्द आठवत नव्हता.

"मी घाबरलेली होते," ती म्हणाली. "जे तोंडात आलं ते—"

"तेच तर म्हणते मी. घाबरल्यावर तोंडात काय आलं?" बुद्धप्रियाचा आवाज चढला नाही, वर्गात फळ्यावर लिहिलेलं वाचून दाखवावं तशी ती बोलत होती. "औसा रोडचं पण सांगितलं होतं ह्यांनी घरी. 'आपलाच माणूस.' हसत सांगितलं. हे हसत सांगायचे तेव्हाच मला कळायचं. दहा वर्षांत तुम्ही त्यांना कुणासमोर एकदा तरी भागीदार म्हणालात का? एकदा. एखादा भाजीवाला असेल, रिक्षावाला असेल."

पुनमने खरंच आठवून पाहिलं. बाहेर पोरं हसत होती, पलीकडे पाव भाजल्याचा वास येत होता. तिला एकही माणूस आठवला नाही.

"मी विकायला आले नाही," बुद्धप्रिया उठता उठता म्हणाली. "माझा हिस्सा राहू द्या. एवढंच सांगायचं होतं."

पुनम कितीतरी दिवस ते घेऊन हिंडली. आईला सांगितलं तर केवळाबाई म्हणाली, "तो तर काही बोलला न्हाई कधी." पुनमला त्याचाच जास्त त्रास होत होता. तो भांडला असता, रुसला असता, एकदा तरी म्हणाला असता, ताई, तुम्ही हे बरं केलं न्हाई, तर तिला माफी मागायला जागा मिळाली असती. त्याने जागा सोडलीच नव्हती. की तिलाच ती दिसली नव्हती?

औसा रोडच्या गाळ्याचा करार नवा करायची वेळ आली तेव्हा तिने बुद्धप्रियाला फोन केला. सहीला दोघी लागतील, म्हणाली. रविवारी दोघी भीमाशंकरअप्पांच्या दिवाणखान्यात जाऊन बसल्या. चहा आला. अप्पांनी आनंदराजबद्दल हळहळ व्यक्त केली. लई गुणी पोरगा, हाताला चव होती, असं चार वेळा म्हणाले.

पुनम म्हणाली, "अप्पा, ह्या बुद्धप्रिया हनमंते. आनंदराजभाऊंच्या मंडळी. भाऊ माझे निम्म्याचे भागीदार होते, आता ह्या हायत. हनमंते नांदेडचे, बौद्ध. तुम्ही तवा इचारलं होतं, मी नीट सांगितलं न्हाई. माझं चुकलं."

बुद्धप्रियाने हातातली बशी खाली ठेवली.

अप्पा हसले. "अगं, आता कोण इचारतंय असलं काही? ते दिवस गेले." त्यांनी दोघींना चिवडा घ्यायचा आग्रह केला. मग निघताना दारात म्हणाले, "कराराचं जरा थांबू. आमच्या पोराचं मेडिकल टाकायचं मनात हाय. बघू."

त्यांनी काही बघितलं नाही. पुढच्या महिन्यात निरोप आला की जागा पाहिजे. ज्या दिवशी दुकान रिकामं केलं त्या दिवशी अप्पा औशाला मेहुण्याकडे गेले होते. गाळा पुढे बरेच महिने कुलूपबंदच होता.

पण हे सगळं पुढचं. त्या रविवारी अप्पांच्या जिन्यावरून खाली उतरल्यावर पुनमला हलकं वाटत होतं. किती वर्षांनी छातीवरचा दगड उतरला, असं काहीतरी ती बोलायलाही लागली. बुद्धप्रिया रस्त्याच्या कडेला थांबली.

"तुम्हाला मोकळं वाटलं का?"

"हाव, वहिनी. मला हे आधीच—"

"मला विचारलं होतं का तुम्ही?"

पुनमला कळलं नाही.

"तुमचं चुकलं होतं, ते तुम्हाला सांगायचं होतं. सांगितलंत. पण मला तिथं बसवून का? त्या म्हाताऱ्याने माझ्याकडे कसं बघितलं, ते तुम्ही पाहिलं का? मी चहा प्यायलेली बशी कुठं ठेवू, असं झालं मला. मला आधी सांगितलं असतं तर मी ठरवलं असतं यायचं का नाही. पहिल्यांदा त्यांना न विचारता लपवलंत, आता मला न विचारता दाखवलंत. दोन्ही वेळी ठरवणाऱ्या तुम्हीच."

रस्त्यावरून पोरं दप्तरं घेऊन जात होती. त्यातल्या दोघींनी पुनमला ओळखून हात केला. तिने हात वर केला आणि तो कधी खाली घ्यायचा ते तिला सुचेना.

"आणि जागा गेली आता," बुद्धप्रिया म्हणाली. "त्यात काम करणाऱ्या पोरींचं काय?"

"जाईल असं कुठं म्हणाले ते—"

"गेली, पुनमताई. मला कळतं."

नांदेडला जाताना बसमध्ये दोघी वेगवेगळ्या सीटवर बसल्या. मध्ये एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन चढली, तिला बुद्धप्रियाने जागा करून दिली आणि वाटभर तिच्याशी बोलत राहिली. पुनमने तिला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

औसा रोडचं दुकान बंद झालं. दोन पोरींना पुनमने उदगीरला घेतलं, बाकीच्या दुसरीकडे लागल्या, एक गावाकडे परत गेली. शेषेराव म्हणाले, "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" पुनमने त्यांना उलट विचारलं, "बाबा, तुम्ही भाऊच्या हातचं का खाल्लं न्हाई कधी?" आयुष्यात पहिल्यांदा तिने बापाला असं विचारलं होतं. शेषेराव उठून बागेत गेले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. माल मात्र येतो, गड्याच्या हाती. चांगल्या फण्या वर लावलेल्या असतात.

एके दिवशी बुद्धप्रियाचा फोन आला. "लातूरला पुढची जागा मी बघते. दिवाळीच्या सुट्टीत. तुम्हाला यायचं तर या, पण बोलणार मी."

त्या सुट्टीत दोघी लातुरात खूप फिरल्या. बुद्धप्रियाची पद्धत साधी होती. दार उघडलं की ती म्हणायची, "नमस्कार, मी बुद्धप्रिया हनमंते, जय भीम. ह्या पुनम इंगोले. आम्ही दोघी भागीदार आहोत, जागा बघायला आलोय." काही घरांतून चहा आला. काही घरांत गाळा आदल्या दिवशीच गेलेला असायचा. एकाने भाड्याचा बोर्ड काढायचा राहून गेला म्हणून माफी मागितली, फार नम्रपणे. बाहेर आल्यावर बुद्धप्रिया पर्स सावरून पुढच्या पत्त्याकडे चालू लागायची. पुनमला वाटायचं, हे आनंदराजने किती वेळा गिळलं असेल, आणि आपण त्याच्या शेजारी उभ्या असताना. एकदा तिने म्हणून बघितलं, "वहिनी, मला माफ—"

"ते राहू द्या आता," बुद्धप्रिया म्हणाली. "माफ केलं असं म्हणता येत नाही मला. खोटं कशाला म्हणू?"

पुनमने परत तो विषय काढला नाही.

खाडगाव रोडच्या आतल्या गल्लीत, एका टायरच्या दुकानामागे, अमरनाथ नावाच्या माणसाचा एक अरुंद गाळा होता. औसा रोडच्या निम्माही नव्हता आणि उन्हाळ्यात तिथे भट्टी होणार हे बाहेरूनच दिसत होतं. अमरनाथ लुंगीवर दारात आला. बुद्धप्रियाने नेहमीचं वाक्य म्हटलं. त्याने ते पूर्ण ऐकून घेतलं, मग गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ते सगळं खरं, मॅडम," तो म्हणाला, "पण तुमच्याकडं कॉलेजची पोरं येणार. गाड्या घेऊन येणार. माझ्या फाटकासमोर लावल्या तर मी माझी गाडी काढू कुठून?"

बुद्धप्रिया म्हणाली, दोरी बांधू. तो म्हणाला, दोरीला पोरं जुमानत न्हाईत. ती म्हणाली, मग माणूस उभा करू. तो म्हणाला, माणूस जेवायला गेला की? ती म्हणाली, मी शाळेत साठ पोरं सांभाळते. तो म्हणाला, ती लहान असतात, मॅडम.

पुनम टायरच्या ढिगाला टेकून उभी राहिली. दोघांचं अजून मिटलं नव्हतं आणि ऊन चढत होतं.